एरर गेली, पण ओळी चुकल्या

नाशिकमध्ये एम.एस्सी. संख्याशास्त्र करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. प्रकल्पासाठी तिने जिल्ह्यातल्या ३ बाजार समित्यांचे कांद्याचे रोजचे भाव गोळा केले. एप्रिल २०२२ ते मार्च २०२३, प्रत्येक समितीची महिन्याला एक एक्सेल फाइल, म्हणजे एकूण ३६ फायली. 'आर' या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत आरबाइंड हे ओळी जोडणारं फंक्शन वापरून ती त्या एकाखाली एक जोडायला गेली तर 'कॉलमची नावं आधीच्या नावांशी जुळत नाहीत' अशी एरर आली. कुणीतरी सुचवलं की पहिल्या फाइलची नावं बाकीच्या सगळ्या फायलींना देऊन टाक. तसं केल्यावर एरर गेली. पण आता काही दिवशी किमान भाव कमाल भावापेक्षा जास्त दिसतोय, आवकेची सरासरी काढली की उत्तरच येत नाही, आणि वर्षाची एकूण आवक समितीच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट निघते. "बाइंड_रोज वापरू की आरबाइंडलिस्ट?" असं ती प्रोग्रॅम सोबत पाठवून विचारते. हीसुद्धा ओळी जोडणारीच फंक्शन्स आहेत: पहिलं 'आर'च्या डीप्लायर पॅकेजमधलं, दुसरं डेटा.टेबल पॅकेजमधलं.

कोणतंही वापरा. तुमचा घोटाळा फंक्शनमुळे झालेला नाही. पहिल्या दिवशी आलेली ती एरर बरोबर सांगत होती आणि तुम्ही तिचं तोंड बंद केलंत, इतकंच. मी सोळा-सतरा वर्षं शेतमालाच्या आकडेवारीचंच काम करतोय आणि सुरुवातीच्या काळात अगदी हेच केलं होतं, म्हणून हक्काने बोलतोय.

काय झालं असणार ते सांगतो. आरबाइंड दोन डेटा फ्रेम (म्हणजे 'आर'मधली टेबलं) जोडताना कॉलम नावावरून जुळवतं. एका फाइलमध्ये किमान आधी आणि कमाल नंतर असेल, दुसरीत उलट असेल, तरी नावं तीच असली की त्याला काही फरक पडत नाही; क्रम ते स्वतः लावून घेतं. तुमच्याकडे एका समितीच्या फायलीत बहुधा 'किमान, कमाल, सर्वसाधारण' असा क्रम आहे आणि दुसरीच्या फायलीत 'कमाल, किमान, सरासरी'. 'सर्वसाधारण' आणि 'सरासरी' जुळेना म्हणून एरर आली. तुम्ही पहिलीची नावं दुसरीवर चिकटवली, तेव्हा सरासरीचा प्रश्न सुटला, पण त्याच झटक्यात कमालच्या डोक्यावर किमानची पाटी लागली. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या बदलून आत तिखट की हळद हे न बघण्यासारखंच हे.

नावं बदलायचीच नाहीत असं नाही, ती बदलावीच लागतात. मात्र 'जुनं नाव अमुक, नवं नाव तमुक' असं एकेक सांगून बदलायची. पहिल्याला हे, दुसऱ्याला ते असं जागेवरून नाही. डेटा.टेबलचं सेटनेम्स किंवा डीप्लायरचं रिनेम यासाठीच आहे.

काही जण एरर टाळायला टेबलाचं मॅट्रिक्स करून जोडतात. ते त्याहून वाईट. मॅट्रिक्सच्या ओळी जोडताना आरबाइंड नावांकडे बघतच नाही, निव्वळ जागेवरून जोडतं आणि नावं पहिल्याची ठेवतं. शिवाय मॅट्रिक्समध्ये एकाच प्रकारची माहिती राहते, त्यामुळे एक कॉलम अक्षरांचा असला की सगळे आकडे अक्षरं होऊन बसतात.

आता 'मग बाइंड_रोज तरी सुरक्षित आहे का' याकडे येतो. बाइंड_रोज नावावरून जुळवतं आणि एखादा कॉलम एका फाइलमध्ये नसला तर तिथे एनए, म्हणजे 'माहिती नाही' ही खूण, भरून पुढे जातं. आरबाइंडलिस्टला 'फिल' चालू करून दिलं की तेही हेच करतं. सोय मोठी आहे, पण तीच अडचणही आहे: 'सर्वसाधारण' आणि 'सरासरी' हे दोन वेगळे कॉलम तयार होतील, दोन्ही अर्धे रिकामे, आणि कुणी हूं की चूं करणार नाही. आरबाइंडलिस्टबद्दल एक आणखी. त्याला काही सांगितलं नाही तर ते जागेवरूनच जोडतं; हल्लीच्या आवृत्त्या नावांचा क्रम वेगळा दिसला तर एक सूचना देतात, पण जोडणी थांबवत नाहीत. म्हणून 'यूज.नेम्स' (नावावरून जोड) स्पष्ट ट्रू लिहायची सवय लावा.

मी जोडण्याआधी एकच गोष्ट न चुकता करतो. सगळ्या फायली एका लिस्टमध्ये वाचायच्या, प्रत्येकीच्या कॉलमची नावं काढायची, ती एका सरीत ओतायची आणि कोणतं नाव किती वेळा आलं ते मोजायचं. ३६ फायली आहेत तर प्रत्येक नाव ३६ वेळा यायला हवं. 'सर्वसाधारण' २४ आणि 'सरासरी' १२ असं दिसलं की रोग सापडला. ही दोन ओळींची आज्ञा आहे, आणि एवढ्या वर्षांत तिने जेवढं वाचवलंय तेवढं कोणत्याही महागड्या सॉफ्टवेअरने वाचवलेलं नाही.

मराठी नावांच्या कॉलमबाबत ही मोजणी आणखी महत्त्वाची, कारण आपल्या लिपीत डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाला सारखे असतीलच असं नाही. 'शेतकऱ्यांची संख्या' हेच घ्या. त्यातला 'ऱ' दोन-तीन प्रकारे टाइप होतो. एक सरळ स्वतंत्र अक्षर म्हणून. दुसरा 'र' आणि खाली नुक्ता. तिसरा, जुन्या कीबोर्डवरचा, साध्या 'र'ला हलंत देऊन पुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही एकसारखे, आणि जोडल्यावर 'शेतकऱ्यांची संख्या' नावाचे तीन कॉलम. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या नियमाने एकच मानले जातात, म्हणून स्ट्रिंगआय पॅकेजमधलं एनएफसीचं (एका अक्षराची वेगवेगळी रूपं एकाच ठरावीक रूपात आणणारं) फंक्शन चालवलं की ते एक होतात. तिसरा त्याने सुधारत नाही, तो हाताने बदलावा लागतो. मी एकदा अख्खी दुपार दोन नावं शेजारी शेजारी ठेवून बघत बसलो होतो. शेवटी प्रत्येक अक्षराचा सांकेतिक क्रमांक छापला तेव्हा उमगलं.

गावांच्या नावांतही तेच. लासलगाव आणि लासलगांव, येवला आणि येवले, पिंपळगाव बसवंत आणि पिंपळगाव (ब). इथे कॉलम नाही, कॉलममधली नोंद वेगळी पडते, त्यामुळे जोडणी बिनबोभाट होते आणि गट पाडून बेरीज घेतली की एका समितीच्या दोन समित्या होतात. शब्दाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा हा तर नेहमीचा पाहुणा. ती काढणारं ट्रिमडब्ल्यूएस आधी चालवा, मग बाकीचं.

आवकेची सरासरी का येत नाही? कारण तुमचा आवकेचा कॉलम आकड्यांचा राहिलेलाच नाही. ३६ पैकी एका फायलीत तो अक्षरांचा असेल तरी आरबाइंड गुपचूप सगळाच कॉलम अक्षरांचा करून टाकतं. डेटा.टेबलही तसंच करतं. डीप्लायर मात्र इथे अडतं: आकडे आणि अक्षरं एकत्र करता येत नाहीत असं स्वच्छ सांगून थांबतं. अक्षरांच्या कॉलमची सरासरी मागितली तर 'आर' एनए देतं आणि सोबत इशारा. तुम्ही सरासरीच मागितली हे नशीब. कमाल मागितली असती तर उत्तर आलं असतं आणि तेही खोटं: अक्षरं म्हणून लावल्यावर ९५० हा २,४०० पेक्षा मोठा ठरतो, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते आणि ९ हा २ च्या पुढे आहे.

कॉलम अक्षरांचा का झाला, याची कारणं आपल्याकडे ठरलेली आहेत. देवनागरी अंक हे एक. 'आर'ला '१२५०' हा आकडा वाटत नाही, त्याला आकड्यात बदलायला सांगितलं तर एनए मिळतो. चार्टआर नावाचं छोटं फंक्शन अक्षरास अक्षर बदलतं, त्याला दहा देवनागरी अंक आणि दहा इंग्रजी अंक दिले की काम झालं. दुसरं, हजाराचा स्वल्पविराम. तिसरं कारण अस्सल बाजारातलं: लिलाव नसलेला दिवस. आपल्याकडच्या काही समित्यांमध्ये अमावस्येला लिलाव बंद ठेवायची जुनी पद्धत, शिवाय सणवार, संप. त्या दिवशी कुणी 'बंद' लिहितं, कुणी आडवी रेघ मारतं, कुणी रकाना मोकळा सोडतं आणि कुणी शून्य टाकतं. पहिल्या तिघांचा त्रास लगेच कळतो. शून्य मात्र मुकाट्याने सरासरीत शिरतं आणि भाव खाली ओढतं. आवक शून्य असू शकते, भाव शून्य नसतो. सरासरी काढण्याआधी भावातल्या शून्यांचं एनए करा.

म्हणून अशा एकदाच हाताळायच्या आणि वेड्यावाकड्या फायलींसाठी माझी पद्धत उलटी आहे. सगळे कॉलम अक्षरं म्हणूनच वाचायचे, नावं दुरुस्त करायची, जोडायचं, आणि मग एकदाच आकड्यांत बदलायचं. बदलताना ज्या ओळी एनए झाल्या त्या बाजूला काढून मूळ मजकूर काय होता ते बघायचं. १० मिनिटांत 'बंद', 'सुट्टी', रेघा, देवनागरी अंक सगळे एका यादीत समोर येतात. दर महिन्याला चालणारा नेहमीचा प्रोग्रॅम असेल तर मात्र मी उलट करतो: प्रत्येक कॉलमचा प्रकार वाचतानाच ठरवून देतो आणि डीप्लायरने जोडतो, म्हणजे फायलीत काही बदललं तर प्रोग्रॅम त्याच दिवशी अडतो.

एक्सेल फायली अक्षरं म्हणून वाचल्यावर तारखांच्या जागी ४५००० असले आकडे दिसतील. घाबरू नका. एक्सेल तारीख दिवसांच्या क्रमांकाने साठवतं; ४५००० म्हणजे १५ मार्च २०२३. 'आर'मध्ये बदलताना आरंभ ३० डिसेंबर १८९९ द्यायचा. त्याच कॉलममध्ये कुणी हाताने टाइप केलेल्या तारखा अक्षरांत असतील, त्या वेगळ्या बदलायच्या. एखाद्या संगणकावर महिना आधी अशी मांडणी असेल तर ३/४ ही ३ एप्रिल आहे की ४ मार्च हे फाइलच्या नावावरूनच ठरवावं लागतं. याची खूण ओळखीची आहे: प्रत्येक महिन्याचे पहिले १२ दिवस वर्षभर विखुरलेले आणि १३ तारखेपासून पुढे एनए.

आता दुप्पट आवक. हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि तुम्ही तो शेवटी लिहिलात. महिन्याच्या फायलीत शेवटी 'एकूण' अशी ओळ असते ना? तीही जोडली गेली. ३० दिवसांची आवक अधिक त्याच ३० दिवसांची बेरीज, म्हणजे दुप्पट. 'जवळजवळ' एवढ्यासाठी, की एक-दोन फायलींत ती ओळ नसेल. ओळी जोडणं म्हणजे वरच्या ओळीचा आणि खालच्या ओळीचा अर्थ एकच आहे असं तुम्ही जाहीर करणं. कोणतंही फंक्शन तो अर्थ तपासत नाही. म्हणून कागदावर एक वाक्य लिहा: 'माझ्या टेबलातली एक ओळ म्हणजे एका समितीत, एका दिवशी, एका प्रकारच्या कांद्याचा लिलाव.' ज्या ओळीला हे वाक्य लागू होत नाही ती बाहेर.

'एका प्रकारच्या' हा शब्द मुद्दाम घातला. मार्चमध्ये लाल कांदा संपत आलेला असतो आणि उन्हाळ सुरू झालेला असतो, दोन्हींचे भाव वेगळे लागतात, त्यामुळे एका दिवसाच्या दोन ओळी असणं बरोबर आहे. एखाद्या समितीने मात्र दोन्ही मिळून एकच ओळ दिली असेल, तर तिची ओळ आणि दुसरीची ओळ एका जातीच्या नाहीत. तिथे आधी लाल आणि उन्हाळ एकत्र करून मग जोडायचं, आणि एकत्र करताना सरासरी भाव आवकेने वजन देऊन काढायचा. १०,००० क्विंटलचा भाव आणि २०० क्विंटलचा भाव अर्धे-अर्धे मोजले तर बाजाराचं चित्रच बदलतं. एकक तपासा हे वेगळं सांगायला नको. कुठे आवक क्विंटलमध्ये, कुठे वाहनांच्या नगांत.

दुबार ओळी काढायच्या म्हणून 'युनियन' वापरू नका. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत असो की डीप्लायरमध्ये, नुसतं युनियन हुबेहूब सारख्या ओळींतली एकच ठेवतं. सगळ्या ठेवायला 'युनियन ऑल' लागतं. तुमच्या रोजच्या तक्त्यात कदाचित फार बिघडणार नाही, पण ट्रॅक्टरवार नोंदी असतील तर एकाच दिवशी, एकाच भावाने, तेवढ्याच वजनाचे दोन ट्रॅक्टर विकले जाणं अगदी शक्य आहे. ते दुबार नाहीत, खरेच दोन आहेत. उलट दुरुस्त केलेली फाइल पुन्हा आली की त्याच दिवसाच्या दोन ओळी असतात, पण आकडा थोडा वेगळा, म्हणून युनियन त्या दोन्ही तशाच ठेवतं. तारीख, समिती आणि प्रकार या तिघांवर गट करून एकाहून जास्त ओळी कुठे आहेत ते मोजा, आणि कोणती ठेवायची हे स्वतः ठरवा.

हे ठरवायला ओळ कोणत्या फायलीतून आली हे माहीत हवं. तुमच्या टेबलात तेच नाही. त्यासाठी बाइंड_रोजमध्ये 'डॉट आयडी' आणि आरबाइंडलिस्टमध्ये 'आयडीकॉल' हा पर्याय आहे. लिस्टला फायलींची नावं दिलेली असतील तर नवीन कॉलममध्ये ती नावं येतात, नाहीतर नुसते १, २, ३ येतात. साध्या आरबाइंडने लिस्ट जोडली की फाइलचं नाव ओळीच्या नावात 'एप्रिल.१, एप्रिल.२' असं चिकटतं, ते कामाचं नाही. सीएसव्ही असतील तर रीडआर पॅकेजच्या नव्या आवृत्त्यांत सगळ्या फायली एकदम वाचून नावाचा कॉलमही मिळतो.

तुम्ही लूपमध्ये एकेक फाइल वाचून मोठ्या टेबलाखाली चिकटवता असं प्रोग्रॅमवरून दिसतं. ३६ फायलींना ते चालेल. पण प्रत्येक वेळी 'आर' तोवरचं सगळं टेबल नव्याने उतरवून घेतं. १,००० फायली, प्रत्येकी ३० ओळी, तर शेवटचं टेबल ३०,००० ओळींचं आणि उतरवलेल्या ओळी सुमारे दीड कोटी. आधी लिस्ट भरा, जोडणी शेवटी एकदाच. पायथन भाषेच्या पांडाज पॅकेजमध्येही हीच गोष्ट. तिथलं एकेक ओळ चिकटवणारं अपेंड २.० आवृत्तीतून काढूनच टाकलं, आता लिस्ट करून कॉनकॅट.

सॅस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांसाठी एक वाक्य, कारण त्यात मी स्वतः पडलोय. तिथे सेट आज्ञेने टेबलं जोडली की अक्षरांच्या कॉलमची लांबी पहिल्या टेबलावरून ठरते. युनिकोडच्या यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. पहिल्या टेबलात फक्त 'येवला' असेल आणि कॉलम १५ बाइटांचा असेल, तर पुढच्या टेबलातलं लासलगाव 'लासलग' होऊन येतं.

आता तुमच्या फायलींकडे. फेब्रुवारी-मार्च २०२३मध्ये लाल कांद्याचे भाव इतके कोसळले की सरकारने क्विंटलला ३५० रुपयांचं अनुदान दिलं, त्यामुळे त्या दोन महिन्यांतले विचित्र आकडे 'बाजारच तसा होता' म्हणून सोडून द्यायचा मोह होईल. सोडू नका. फाइलच्या नावाचा कॉलम घालून पुन्हा जोडा. आधी ३६ फायलींच्या ओळींची बेरीज आणि जोडलेल्या टेबलाच्या ओळी सारख्या आहेत का ते बघा. मग किमान कमालपेक्षा मोठा, किंवा सरासरी त्या दोहोंच्या बाहेर, अशा ओळी काढून फाइलवार मोजा. सगळ्या एकाच समितीच्या १२ फायलींत निघाल्या तर माझा अंदाज खरा: त्या समितीची मूळ नावं परत आणा आणि नावाने जोडा. एखाद-दुसरीच ओळ इकडे तिकडे निघाली, तर ती लिहिणाऱ्याच्या हातची चूक आहे, त्या तारखेचा भाव समितीच्या फळ्यावरच्या नोंदीशी ताडून बघा. तिसरंच काही दिसलं तर ती मोजणी इथे टाका, बघू.